उठावाच्या गोधड्या : त्यांचा इतिहास, प्रकार आणि हाताने करण्याची रीत

गोधडीला उठाव आणण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक तर दोन कापडांच्या मध्ये काही तरी भरले जाते, किंवा कापडालाच घड्या घालून त्यांचे थर एकावर एक बसवले जातात, किंवा दोरा ओढून कापड चुण्यांमध्ये गोळा केले जाते. जगभरच्या उठावदार गोधड्यांची नावे कितीही वेगळी असली, तरी नमुना हाती आला की तो या तिघांपैकी कशातून तयार झाला आहे हे आधी ओळखावे. कारण कापड कोणते घ्यायचे, दोरा किती ओढायचा आणि पुढे ती गोधडी धुवायची कशी, हे सगळे त्यावरच ठरते. दुसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे आणि नवशिक्यांच्या हातून बहुधा तीच निसटते. भरीव कामात उठाव भरण्याने जितका येतो, त्याहून अधिक तो आजूबाजूची जमीन, म्हणजे नक्षीबाहेरचे कापड, दाबल्याने येतो. कापूस कितीही ठासला, पण भोवतालचे कापड तसेच फुगलेले राहिले, तर डोळ्यांना आकृती दिसत नाही, नुसता गुबगुबीतपणा दिसतो.

ज्यांनी घरी साधी गोधडी किंवा वाकळ शिवली आहे, त्यांचा हात या कामासाठी अर्धा तयार झालेला असतो. जुन्या नऊवारी साड्यांचे थर अंथरून, बोटभर अंतराने धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालत गेले, की दोऱ्याच्या ओढीमुळे दोन टाक्यांमधले कापड किंचित वर उचलले जाते. गोधडी धुतल्यावर कापड थोडे आटते आणि त्या बारीक लाटा पक्क्या होतात. बंगालमधल्या कांथांमध्ये हीच युक्ती अधिक जाणीवपूर्वक वापरली जाते आणि तिथल्या लहरी कांथेत तर टाक्यांच्या लाटा हाच सगळा नक्षीकामाचा विषय असतो. मात्र हा उठाव कापडाच्या जाडीपुरताच असतो. त्याच्या पुढे जायचे, तर भरण्याचे किंवा घडीचे काम शिकावे लागते.

भरीव काम : सिसिली ते मार्सेय

भरीव कामाचा सर्वांत जुना आणि आजही पाहायला मिळणारा मोठा नमुना सिसिली बेटावरचा आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे लिननच्या दोन थरांमध्ये कापूस भरून ट्रिस्टन या मध्ययुगीन युरोपीय योद्ध्याच्या दंतकथेतले प्रसंग गोधडीवर उठवले गेले. तिचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि दुसरा फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात. लंडनच्या भागात १४ प्रसंग आहेत. घोडे, जहाजे, लढणारी माणसे अशा आकृत्यांच्या कडा तपकिरी दोऱ्याच्या उलट टिपेने बांधलेल्या आहेत, आणि प्रसंगांवर सिसिलियन बोलीतली अक्षरेही आहेत. सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही आकृत्या ओळखता येतात, याचे श्रेय मी त्या घट्ट कडांना देईन. कापूस काळानुसार बसतो. कड धरून ठेवणारी टीप टिकली, तरच आकार टिकतो.

या कामाचे सर्वांत मोठे केंद्र पुढे दक्षिण फ्रान्समधले मार्सेय हे बंदर झाले. पूर्वेकडून येणारे बारीक सुती कापड आणि कापूस तिथे बंदरातच मिळत असे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत तिथल्या कारखान्यांतून पांढऱ्यावर पांढरे भरीव काम केलेल्या चादरी, परकर आणि टोप्या युरोपभर जात होत्या. १७२० मध्ये मार्सेयला प्लेगने गाठले आणि शहरातली सुमारे निम्मी माणसे दगावली. ज्या जहाजातून ही साथ आली असे मानले जाते, ते पूर्वेकडून रेशमाच्या आणि कापसाच्या गाठी घेऊन आले होते. त्यानंतर इंग्लंडमधल्या विणकरांनी अशाच उठावाचे कापड थेट मागावर विणण्याची रीत बसवली आणि हाताच्या कामाची बाजारपेठ हळूहळू आटली. तरीही मार्सेयच्या भोवतालच्या प्रोव्हाँस प्रांतातल्या गावांमधून ही कला घरगुती वापरात टिकून राहिली. तिथे बाळाला मांडीवर घेताना कपडे ओले होऊ नयेत म्हणून खाली ठेवायचा छोटा भरीव चौकोन, म्हणजे पेतासूं, घरातल्या बायका मोठ्या निगुतीने शिवत असत. आपल्याकडच्या दुपट्याशी त्याचे नाते लगेच जाणवते. या कामाला आज बूती म्हणतात आणि काल्व्हिसों या गावात त्याला वाहिलेले एक संग्रहालयही आहे.

बूतीचे वैशिष्ट्य असे, की त्यात मधला सलग थर नसतोच. दोन तलम सुती कापडे एकावर एक ठेवून आधी संपूर्ण नक्षी बारीक टाक्यांनी शिवून घेतात, आणि मग मागच्या बाजूने प्रत्येक कप्प्यात सुती दोऱ्याचे पेड ओवून तो भरतात. काम प्रकाशासमोर धरले की भरलेला भाग अपारदर्शक दिसतो आणि टाक्यांच्या रेषा उजळतात. हे दोन्ही बाजूंनी सारखे सुंदर दिसणारे काम असल्यामुळे त्यात चूक लपवता येत नाही. म्हणून पहिला नमुना बूतीचा करू नये असे माझे मत आहे. त्याच कुळातले, पण थोडे सोपे असे इटालियन पद्धतीचे काम आधी करावे. त्याला त्रापुंतो म्हणतात. त्यात मागची बाजू अस्तराखाली झाकली जाते, त्यामुळे हात बसेपर्यंत धीर राहतो.

एक कोयरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सुरुवातीला तयार झाल्यावर ३० सेंटिमीटरचा राहील असा चौकोन हाती घ्यावा. कापड मात्र ४० सेंटिमीटरचे कापावे, कारण भरताना कापड सगळ्या बाजूंनी आत ओढले जाते आणि काठाला धरायलाही जागा लागते. वरच्या थरासाठी कॅम्ब्रिक किंवा लॉन यांसारखे मऊ, घट्ट विणीचे, एकरंगी आणि फिकट कापड घ्यावे. छापील कापडावर उठाव हरवतो. तो दिसतो तो सावलीमुळे, आणि रंगीत फुलापानांच्या गर्दीत सावली वाचता येत नाही. मागच्या थरासाठी मांजरपाट उत्तम. त्याची वीण सुईच्या टोकाने बाजूला सारता येण्याइतकी मोकळी असते, पण कापड ताणले जात नाही. ही दुसरी बाब महत्त्वाची आहे, कारण मागचे कापड वरच्यापेक्षा अधिक ढिले असेल तर भरलेला कापूस पुढे येण्याऐवजी मागेच फुगतो. दोन्ही कापडे आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत, म्हणजे नंतर ती वेगवेगळ्या प्रमाणात आटणार नाहीत.

नक्षी म्हणून कोयरी घ्यावी. तिला एक मोठी वळणदार कड, आत एक छोटी कोयरी आणि खाली दुहेरी रेषेचा देठ असला, की मोठा कप्पा, लहान कप्पा आणि अरुंद नळी या तिन्हींचा सराव एकाच नमुन्यात होतो. देठाच्या दोन रेषांमध्ये ४ मिलिमीटर अंतर ठेवावे. टोकदार पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने नक्षी उतरवावी. पाण्याने जाणारा निळा पेन वापरायचा असेल, तर तो पूर्ण धुवून निघेपर्यंत त्या कापडावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने ती शाई कापडात कायमची बसू शकते.

दोन्ही थर एकावर एक ठेवून उभे-आडवे कच्चे टाके घालावेत आणि काम लाकडी रिंगेत बसवावे, पण ढोलासारखे ताणू नये. सुई दोन्ही थरांतून खाली-वर करता येईल इतकी सैल जागा कापडाला हवी. दोरा सुती, कापडाच्याच रंगाचा आणि शक्यतो मेण लावलेला असावा. मध्यापासून बाहेरच्या दिशेने काम न्यावे. धावदोऱ्याचे टाके साधारण २ मिलिमीटरचे ठेवावेत, आणि जिथे मोठा कप्पा ठासून भरायचा आहे तिथे उलट टीप घालावी, कारण ताण आला की धावदोऱ्यातल्या फटींमधून कापूस डोकावू लागतो. शेजारच्या दोन कप्प्यांमध्ये कुठेही टाका सुटला असेल तर तो आत्ताच पाहून घ्यावा.

आता भरणे. देठाच्या नळीसाठी पांढऱ्या सुती किंवा लोकरीच्या दोऱ्याचे दोन पेड मोठ्या बोथट सुईत ओवावेत. नाडी ओवायची बारीक सुईही चालते. मागच्या बाजूने मांजरपाटाची वीण सुईच्या टोकाने अलगद फाकवून सुई दोन थरांच्या मध्ये घालावी आणि नळीतून पुढे सरकवावी. वळण आले की सुई मागच्या बाजूला बाहेर काढावी आणि त्याच छिद्रातून पुन्हा आत घालून पुढे जावे. या ठिकाणी दोऱ्याचा तांदळाच्या दाण्याएवढा फासा बाहेर राहू द्यावा. तो ओढून सपाट केला, तर पहिल्या धुण्यात दोरा आटतो आणि वळणाजवळ कापडाला सुरकुत्या पडतात. ओवून झाल्यावर कापड दोन्ही हातांनी तिरके ओढावे, म्हणजे दोरा नळीत सारखा पसरतो.

मोठ्या कप्प्यासाठी पिंजलेला कापूस घ्यावा आणि त्याचे हरभऱ्याएवढे, बोटांनी सुटे केलेले पुंजके करावेत. पुष्कळजण कापसाचा एकच मोठा बोळा आत ढकलतात. तो मध्ये गाठीसारखा बसतो आणि कोयरीचे टोक रिकामे राहते. आधी टोक आणि कडा भराव्यात, मध्य शेवटी. वीण फाकवून केलेले छिद्र पुरत नसेल तर मागच्या कापडाला एक लहान चीर द्यावी, बोथट काडीने कापूस सारावा आणि चीर आडव्या टाक्यांनी ढिली शिवून टाकावी. ती शिवताना कडा एकमेकांवर ओढू नयेत, नाही तर सगळी कोयरी वाकडी होते. पुरेसे भरले का हे पाहण्यासाठी वरून अंगठ्याने दाबावे. दाब काढताच आकार परत वर आला तर काम झाले. दाबच बसत नसेल, किंवा भोवतालच्या जमिनीवर किरणांसारख्या सुरकुत्या आल्या असतील, तर कापूस जास्त झाला आहे आणि तो काढलाच पाहिजे.

सावरीचा कापूस या कामासाठी घेऊ नये. उशीत तो छान वाटतो, पण त्याचे तंतू गुळगुळीत असल्यामुळे एकमेकांना धरून राहत नाहीत आणि मोकळ्या विणीतून बाहेर पडतात. बाजारातल्या कृत्रिम फायबरचा फायदा असा, की धुतल्यावर त्याचे गोळे कमी होतात. भिंतीवर लावायच्या किंवा वारंवार धुवायच्या वस्तूसाठी मी त्याला नावे ठेवणार नाही. बाळाच्या अंगावर जाणारे काम असेल, तर मात्र कापूसच बरा.

इथवर आलेला नमुना पाहून निराशा होण्याची शक्यता आहे, कारण कोयरी अजून पुरेशी उठलेली दिसत नाही. उरलेले निम्मे काम जमिनीचे असते. आता या दोन थरांखाली पातळ कापसाचा थर आणि त्याखाली शेवटचे अस्तर ठेवावे, पुन्हा कच्चे टाके घालावेत आणि कोयरीच्या अगदी कडेने सर्व थरांतून टाक्यांची एक फेरी पूर्ण करावी. मग कोयरीच्या बाहेरची संपूर्ण जागा ४ ते ५ मिलिमीटर अंतरावरच्या समांतर ओळींनी भरून काढावी. ओळी तिरक्या असोत, चौकटीच्या असोत किंवा कोयरीच्या कडेला धरून बाहेर पसरत जाणाऱ्या असोत. त्या दाट असणे महत्त्वाचे. प्रत्येक ओळीबरोबर जमीन खाली जाते आणि तितकीच कोयरी वर येते. हे काम कंटाळवाणे आहे आणि इथेच बहुतेकजण ओळींमधले अंतर वाढवू लागतात. तसे करण्यापेक्षा नमुना लहान घ्यावा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लग्नासाठी तयार होणाऱ्या पांढऱ्या भरीव गोधड्यांमध्ये द्राक्षांचे घड आणि फुलांच्या परड्या इतक्या ठळक दिसतात, त्याचे कारण त्यांच्यामागची ही बारीक टाक्यांची जमीनच आहे.

घडीचे काम : सिद्दींची कवंदी

घडीच्या उठावाकडे वळताना मराठी वाचकाने फार दूर जाण्याची गरज नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतल्या जंगलांलगतच्या वस्त्यांमध्ये सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीज गोव्यात आणलेल्या आणि तिथून पळून किंवा सुटून घाटात आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या घरांत कोकणी बोलली जाते आणि तिच्यात मराठी व कानडी मिसळलेली असते. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. तिथल्या बायका जी गोधडी शिवतात ती कवंदी. अमेरिकेतले कलेतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनी तिचा दीर्घ अभ्यास केला, आणि तिची प्रदर्शने परदेशातही झाली आहेत.

कवंदी कडेपासून मध्याकडे शिवली जाते, आणि हेच तिचे मर्म आहे. जुनी साडी अस्तर म्हणून अंथरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, ठिगळाची कड आत मुडपून ते साडीच्या काठाशी लावायचे आणि धावदोऱ्याने सगळ्या थरांतून शिवत काठाकाठाने पुढे जायचे. ठिगळ संपले की पुढच्याची मुडपलेली कड त्यावर थोडी चढवायची. चारही बाजू फिरून पहिल्या कोपऱ्याशी आले, की बोटभर आत सरकून दुसरी फेरी सुरू होते आणि फेऱ्या लहान होत होत शेवटी मध्यभागी येऊन थांबतात. वेगळा कापसाचा थर नाही, आधी जोडून घेतलेला वरचा पन्ना नाही, शेवटी लावायची गोट नाही. जोडणे, थर बांधणे आणि काठ वळवणे हे सगळे एकाच टाक्यात होते. चढवलेल्या ठिगळांच्या कडांमुळे पृष्ठभागाला पायऱ्यांसारखा खडबडीतपणा येतो, आणि आयताकार फेऱ्यांच्या ओळी त्याला आणखी उठाव देतात.

चारही कोपऱ्यांना मात्र खास काम असते. घड्या घालून केलेले अनेक थरांचे त्रिकोणी तुकडे तिथे शिवतात, त्यांना फुला म्हणतात. ही फुले नसतील तर गोधडी उघडी राहिली, असे शिवणाऱ्या बायका सांगतात. करून पाहायचे असेल तर वेगवेगळ्या रंगांचे चार चौकोन घ्यावेत : १४, १२, १० आणि ८ सेंटिमीटरचे. प्रत्येक चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करावा आणि तो पुन्हा मध्यावर दुमडावा. सगळ्या कच्च्या कडा एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला येते. मोठा त्रिकोण खाली, त्यावर क्रमाने लहान, अशी चवड रचून प्रत्येक थराची थोडी किनार दिसू द्यावी. कच्च्या कडांची बाजू कोपऱ्याच्या मुडपीत दाबावी आणि पहिली फेरी शिवताना तिच्यावरून दुहेरी टाके घालावेत. इथे एकाच वेळी कापडाचे दहा-पंधरा पदर सुईखाली येतात, त्यामुळे बारीक सुई मोडते. जाड सुई, दुहेरी दोरा आणि बोटात अंगुस्तान असल्याशिवाय या टाक्याला हात घालू नये. कापड मऊ, जुने, धुऊन धुऊन पातळ झालेले असावे. नव्या सुटिंगच्या कात्रणांची फुला कधीच नीट बसत नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय स्त्रियांनी घडीचे हेच तत्त्व वापरून संपूर्ण गोधडीच त्रिकोणांनी मढवली. पाइनच्या फळावरून तिला पाइन बर म्हणतात आणि १९९७ मध्ये ती अलाबामाची अधिकृत राज्य गोधडी ठरली. तिची रचना कवंदीच्या उलट, म्हणजे मध्यापासून बाहेर जाते. पायाच्या कापडावर चार त्रिकोणांची टोके मध्यबिंदूला भिडवून त्यांच्या कच्च्या कडा शिवतात. पुढच्या फेरीतले त्रिकोण त्यांच्यावर, टोके पहिल्या टोकांपासून सुमारे १ सेंटिमीटर मागे ठेवून, आधीच्या कच्च्या कडा झाकत बसवतात. प्रत्येक फेरीचा रंग वेगळा घेतला, तर वर्तुळे ठळक दिसतात. पूर्ण आकाराची पाइन बर इतकी जड होते की ती पांघरणे अवघड जाते. त्यामुळे घरी करताना एका वर्तुळाचे आसन किंवा उशीचा अभ्रा करावा.

ओढलेल्या चुण्या

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तो सोपा आहे. इंग्लंडमध्ये सफक पफ आणि अमेरिकेत यो-यो म्हणून ओळखली जाणारी चकती १९२० ते १९४० च्या दशकांत फार लोकप्रिय होती. कापडाचे वर्तुळ कापून, कड ५ मिलिमीटर आत मुडपून तिच्यावरून धावदोरा घालायचा आणि दोरा ओढून गाठ मारायची. चकतीचा व्यास मूळ वर्तुळाच्या निम्म्याहून किंचित कमी होतो. मधले भोक लहान हवे असेल तर टाके लांब घालावेत. बारीक टाक्यांनी चुण्या पुष्कळ होतात, त्या एकमेकींना अडतात आणि भोक मोठे राहते. व्हिक्टोरियन काळातली बिस्किट गोधडी भरणे आणि चुण्या या दोन्हींचा मेळ घालते. तिच्यात ८ सेंटिमीटरच्या खालच्या चौकोनावर १० सेंटिमीटरचा वरचा चौकोन ठेवून प्रत्येक बाजूला एक चुणी घेतात, तीन बाजू शिवतात, कापूस भरतात आणि चौथी बंद करतात. अशा उश्या जोडत गेले की गोधडी होते. लहान मुलांना ती आवडते, पण ती वाळायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात धुवायला काढू नये.

धुण्याच्या बाबतीत तिन्ही प्रकारांना एकच नियम लागू होतो. थंड पाण्यात सौम्य साबणात भिजवून हाताने दाबून धुवावे, पिळू नये आणि सपाट जागी सावलीत वाळवावे. तारेवर टांगले तर ओल्या कापसाच्या वजनाने उठाव खाली सरकतो. त्रापुंतो आणि बूती यांचे काम मात्र पूर्ण होताच एकदा भिजवणे आवश्यकच आहे, कारण पाण्याने वीण पुन्हा जवळ येते आणि भरण्यासाठी फाकवलेली छिद्रे मिटतात. सरळ बाजूवर इस्त्री कधीच फिरवू नये. काठ नीट करायचे असतील, तर काम जाड टॉवेलवर पालथे ठेवून फक्त काठांवरून फिरवावी. ठेवताना घडी न घालता जुन्या सुती साडीत गुंडाळावे, आणि वर्षातून दोनदा उघडून गुंडाळीची दिशा बदलावी.